अनुसूचीचा रकाना

पाणीपट्टी विभागात एकोणीस वर्षं काढल्यावर माझी बदली प्राणिसंग्रहालयात झाली. "आता थकबाकी कुणाकडून वसूल करणार, मगरीकडून?" मेहुण्याने जेवताना विचारलं आणि सगळे हसले. मीही हसलो. २०२१ चा मे महिना होता, कोरोनामुळे बाग लोकांसाठी बंद होती. तिकिटांचा हिशोब आणि चाऱ्याची बिलं यापलीकडे वरिष्ठ लिपिकाला तिथे काय काम असणार, असं मला वाटत होतं. शहराचं नाव इथे लिहीत नाही, पगार अजून तिथूनच येतो.

पहिल्याच आठवड्यात कपाटातून एक फाईल निघाली. जाड, दोरीने बांधलेली, कोपरे वाळवीने खाल्लेले. वरच दिल्लीच्या केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाचं पत्र होतं. मान्यतेची मुदत संपत आली आहे, मागच्या पाहणीत घातलेल्या अटींचं काय केलंत ते कळवा, असा मजकूर. पत्र येऊन चार महिने झाले होते. आवक क्रमांक पडला होता, त्यापुढे काही नाही. माझ्या आधीचे लिपिक निवृत्त झाले आणि फाईल कपाटात गेली.

तोवर माझी समजूत साधी होती. बाग पालिकेची, पिंजरे पालिकेचे, तिकिटं पालिकेची, म्हणजे प्राणीही पालिकेचेच. डॉक्टरबाईंनी, म्हणजे आमच्या पशुवैद्यांनी, मला कायद्याचं पुस्तक दिलं आणि खुणेचं पान उघडून ठेवलं. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ चा. १९९१ च्या दुरुस्तीने त्यात प्राणिसंग्रहालयांचं वेगळं प्रकरण आलं आणि १९९२ मध्ये प्राधिकरण स्थापन झालं. कलम ३८-ह सांगतं, की प्राधिकरणाची मान्यता असल्याशिवाय प्राणिसंग्रहालय चालवताच येत नाही. कलम ३८-आय नुसार त्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय वन्य प्राणी घेता येत नाही की देता येत नाही. मान्यता गेली तर पिंजऱ्यातल्या प्राण्यांची रवानगी दुसऱ्या मान्यताप्राप्त ठिकाणी करावी लागते. म्हणजे बाग राहील, झोपाळे राहतील, भेळेची गाडी राहील, प्राणी तेवढे जातील.

दिलासा एकच. मान्यता नाकारण्याआधी म्हणणं मांडायची संधी द्यावीच लागते, असं कलम ३८-ह मध्येच लिहिलं आहे. नाकारलीच तर तीस दिवसांत केंद्र सरकारकडे अपील. हे वाचून मला बरं वाटलं. नळ तोडण्याआधी आम्हीही नोटीस देतो. ही भाषा माझ्या ओळखीची होती.

अटी पाच होत्या. सीमाभिंत जमिनीपासून किमान दोन मीटर उंच हवी. पूर्णवेळ पशुवैद्य हवा. बागेचा बृहत् आराखडा मंजूर करून घ्यायचा. चितळांची संख्या जागेच्या मानाने जास्त आहे, ती आटोक्यात आणायची. आणि तरसाची मादी एकटी आहे, तिच्यासाठी जोडीदाराची सोय करायची. २००९ च्या मान्यता नियमांत असं आहे, की सबळ कारण नसेल तर कुठलाही प्राणी वर्षभरापेक्षा जास्त काळ जोडीदाराविना ठेवू नये. आमची मादी सहा वर्षं एकटी होती.

भिंतीपासून सुरुवात केली, कारण ती हलत नाही. बांधकाम विभागाच्या ओव्हरसियरला घेऊन टेप लावत फिरलो. तीन बाजू ठीक होत्या. नाल्याच्या बाजूला टेप १ मीटर ६२ सेंटीमीटर दाखवत होती. ओव्हरसियरने तिथल्या तिथे भिंत वाढवण्याचं अंदाजपत्रक सांगितलं. आकडा ऐकून मी गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी एकटाच पुन्हा गेलो. त्या बाजूला बेशरमाची झुडपं माजली होती आणि पायाखालची माती भुसभुशीत लागत होती. काठीने उकरलं तर आत प्लास्टिकच्या पिशव्या, चपला, नारळाच्या करवंट्या. दर पावसाळ्याआधी नालेसफाईचा ठेकेदार गाळ काढून आमच्या भिंतीला टेकवून जात होता, वर्षानुवर्षं. भिंत खचलीच नव्हती, जमीन वर आली होती. आरोग्य विभागाचा जेसीबी दोन दिवस मिळवला, एकोणीस ट्रॅक्टर गाळ उचलला आणि भिंत पुन्हा दोन मीटर आणि चार बोटं झाली. सगळ्या प्रकरणातलं मनासारखं झालेलं काम हेच.

चितळांचं तसं नव्हतं.

प्राणिसंग्रहालयाचं साठा रजिस्टर कधी पाहिलं आहे का? वर्षाच्या सुरुवातीची संख्या, जन्म, आणलेले, मृत्यू, दिलेले, वर्षअखेरची संख्या. प्रत्येकाखाली तीन उपरकाने: नर, मादी आणि लिंग न कळलेले. दर वर्षी ३१ मार्चची स्थिती ३० एप्रिलपर्यंत दिल्लीला जायला हवी, मृत्यूंचा कारणांसह गोषवाराही त्याच सुमारास. रजिस्टरप्रमाणे चितळं ६१ होती. पाणीपट्टीतल्या सवयीने मी म्हटलं, मीटर प्रत्यक्ष बघितल्याशिवाय रीडिंग लिहायचं नाही.

सकाळी सहाला मामांबरोबर गेलो. मामा म्हणजे तिथले सगळ्यांत जुने प्राणिरक्षक. बाग त्यांना मामा म्हणते, आयुक्तही मामाच म्हणतात. त्यांनी लसूणघासाच्या पेंड्या गव्हाणीत टाकल्या आणि कळप आला. मी कुंपणाशी उभा राहून वहीत फुल्या मारत होतो. शिंगं असतील तो नर, नसतील ती मादी, लहान ती तिसऱ्या रकान्यात. तीन वेळा मोजलं, तिन्ही वेळा ५८. नर १४, माद्या ३६, पिल्लं ८. खूश होऊन वही मामांना दाखवली. त्यांनी वही बघितलीच नाही, चितळांकडे बघत म्हणाले, "साहेब, पाच नर तुम्ही बायकांत घातलेत."

मग त्यांनी एकेक दाखवला. चितळाची शिंगं दर वर्षी गळून पडतात आणि पुन्हा येतात. सगळ्यांची एकाच वेळी गळतात असंही नाही. ज्यांची नुकतीच गळली होती त्यांच्या कपाळावर नुसते दोन खुंट होते, एकाचे ओले, जखमेसारखे लाल. दुसऱ्याच्या खुंटांवर नवं शिंग यायला लागलं होतं, बोटभर, वर मखमलीसारखं केसाळ कातडं. मान जाड, गळ्याचा रंग गडद. एकदा दाखवल्यावर दिसायला लागलं. नर १९, माद्या ३१, पिल्लं ८. बेरीज तीच, ५८. एकोणीस वर्षं मी मीटर वाचले, पण मीटरची शिंगं कधी गळत नाहीत.

राहिली तीन चितळं. रजिस्टरला होती, कळपात नव्हती. डॉक्टरबाईंच्या डायरीत सापडली. लॉकडाऊनमध्ये दोन मेली होती आणि आणखी एक झुंजीत. शवविच्छेदन झालं होतं, टिपणं होती, पण त्या वेळी कार्यालयात कुणी नव्हतं म्हणून रजिस्टरला नोंद झाली नाही. नोंद मी उशिराची म्हणून केली, कारण लिहिलं, सही घेतली. आजूबाजूच्या दोघांनी सुचवलं की ६१ तसेच राहू द्या, हळूहळू जन्म कमी दाखवून जुळवू. मी नाही म्हटलं. माझा प्रामाणिकपणा वगैरे काही नव्हता. पाण्याच्या बिलांत असं जुळवलेलं किती वर्षांनी कसं बाहेर येतं ते मी पाहिलं होतं.

आता पैसे लागणार होते. नर-माद्या वेगळे ठेवण्यासाठी चितळांच्या आवारात जाळीची आडभिंत, तरसाच्या नव्या पिंजऱ्याला शिफ्टिंगची खोली, आराखडा करणाऱ्या वास्तुविशारदाची फी. पूर्णवेळ डॉक्टरचा प्रश्न तर पैशांच्याही पलीकडचा. डॉक्टरबाई सहा-सहा महिन्यांच्या करारावर, मध्ये एक दिवसाचा खंड. कायम पद निर्माण करायचं तर सुधारित आकृतिबंध, म्हणजे मंजूर पदांचा तक्ता, करून मंत्रालयात नगरविकास विभागाकडे पाठवायचा, आणि तिथून तो परत येईपर्यंत आमच्या चितळांच्या तीन पिढ्या झाल्या असत्या. शेवटी पशुसंवर्धन विभागाकडून प्रतिनियुक्तीवर एक डॉक्टर मागवायचं ठरलं. ज्यांनी सगळं उभं केलं त्या डॉक्टरबाई करारावरच राहिल्या. याबद्दल मला आजही वाईट वाटतं, आणि टिपणी मीच लिहिली होती.

हे सगळं स्थायी समितीपुढे गेलं नोव्हेंबर २०२१ मध्ये. विषय क्रमांक ३४. आधीच्या ३३ विषयांत रस्ते, गटारं, एक व्यायामशाळा आणि भटक्या कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाचा ठेका. सकाळी अकरापासून आम्ही बाहेरच्या बाकावर, साडेचारला आत बोलावलं. डॉक्टरबाईंनी जैवविविधता, संवर्धन प्रजनन, शालेय शिक्षण असं सगळं पडद्यावर दाखवायची तयारी केली होती. चौथ्या स्लाइडला एक सदस्य मोबाइलवर बोलत बाहेर गेले. मी उठून मागच्या पाच वर्षांचं तिकिटांचं उत्पन्न वाचून दाखवलं. दिवाळीच्या सुट्टीतला आकडा ऐकल्यावर माना वर झाल्या.

तरीही एकाने विचारलंच, "ते तरस बघायला कोण येतं हो? त्याच्यावर कशाला खर्च? वाघ आणा, वाघ. माणसं बघायला येतील."

सभापती माझ्याकडे वळून म्हणाले, "वाघ आणायला काय लागतं?"

"साहेब, मान्यता लागते," मी म्हटलं.

पुढचं सगळं त्या एका वाक्यावर झालं. मी काही चतुराई केली नव्हती, कलमात जे होतं तेच सांगितलं. एका नगरसेविकेने लहानपणी शाळेच्या सहलीत बागेतल्या मोराने डबा पळवल्याची आठवण सांगितली, सगळे हसले, आणि मागितलेल्या रकमेपैकी साठ टक्के मंजूर झाले. उरलेले 'पुढील अंदाजपत्रकात विचार करावा'. मार्च २०२२ मध्ये सभागृहाचीच मुदत संपली, निवडणुका लांबल्या, प्रशासक आले. म्हणजे तो विषय तीन-चार महिने उशिरा गेला असता तर समजावून सांगायला समितीच उरली नसती.

दिल्लीची सुनावणी डिसेंबरमध्ये, व्हिडिओ कॉन्फरन्सवर. आयुक्तांच्या दालनातला मोठा पडदा घेतला. आवाज येईना, मग उपायुक्तांचा मोबाइल पाण्याच्या जगला टेकवून ठेवला आणि आम्ही पाच जण त्याच्याभोवती डोकं लावून बसलो. तयारी अशी केली होती की प्रत्येक अटीपुढे काय झालं, काय बाकी, कुठल्या तारखेला होणार, पुरावा कुठल्या पानावर. पलीकडून पहिलाच प्रश्न चितळांचा.

"कुल कितने?"

"अट्ठावन. उन्नीस, इकत्तीस, आठ," मी पाठ म्हटल्यासारखं सांगितलं.

"पिछली इन्व्हेंटरी में इकसठ हैं."

मी तीन उशिराच्या नोंदींचं पान क्रमांक सांगितलं. पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला. मग बराच वेळ कुणी बोललं नाही, आणि मला वाटलं लाइन गेली. लाइन गेली नव्हती, ते वाचत होते. पुढचे प्रश्न सौम्य होते. आराखड्याला आणि तरसाला मुदत मिळाली, मान्यता अटींसह वाढली. ६१ तसेच ठेवले असते तर काय झालं असतं याचा विचार मी त्या रात्री बराच वेळ केला.

त्याच महिन्यात, १७ डिसेंबरला, लोकसभेत वन्यजीव कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं गेलं. आमच्याकडे त्याची कुणालाच खबर नव्हती. नवीन वर्षात आमचे जुने, निवृत्त पशुवैद्य वर्तमानपत्र घेऊन कार्यालयात आले. विधेयक संसदेच्या विज्ञान-पर्यावरण विषयांच्या स्थायी समितीकडे गेलं आहे, अध्यक्ष जयराम रमेश, आणि समितीने लोकांकडून लेखी सूचना मागवल्या आहेत, इंग्रजीत किंवा हिंदीत. मला गंमत वाटली. आमचीही स्थायी समिती, तीही स्थायी समिती, आणि तिथे बाकावर न बसता म्हणणं मांडता येतं.

पालिकेच्या नावाने सूचना पाठवायची तर वरची परवानगी हवी. मी टिपणी सादर केली. ती वर गेली ती गेलीच. मग निवृत्त डॉक्टरांनीच स्वतःच्या नावाने पाठवायचं ठरवलं. पहिला खर्डा नऊ पानांचा होता, त्यात भूतदया, अशोकाचे शिलालेख, सगळं. डॉक्टरबाईंनी आणि मी बसून तो दोन पानांवर आणला. त्यात दोनच मुद्दे ठेवले, जे आम्ही रोज फाटकावर बघत होतो.

फाटकावर काय येतं ते सांगतो. सोमवारी, बाग बंद असते त्या दिवशी सकाळी, फाटकाशी खोकी ठेवलेली सापडतात. बुटाच्या खोक्यात लाल कानाची कासवं. दुकानातून आणली तेव्हा रुपयाएवढी असतात, चार वर्षांत ताटलीएवढी होतात. कुणी पिंजऱ्यासकट पोपट आणून देतो, "आजी गेल्या, आता कोण बघणार?" म्हणतो. आपला साधा हिरवा पोपट पाळणं बेकायदा आहे हे त्याच्या गावीही नसतं. आम्ही तो परस्पर घेऊ शकत नाही, वनविभागामार्फत यावा लागतो. हे सांगितलं की माणूस आमच्यावर चिडतो आणि रात्री पिंजरा भिंतीवरून आत टाकून जातो. दोन मीटरच्या भिंतीवरून. त्यातला एक सकाळी मेलेला सापडला होता, वाटीतलं पाणी पिसांवर सांडलेलं.

विधेयकात नवीन कलम ४२-अ होतं. ज्याच्याकडे मालकीचं प्रमाणपत्र आहे तो आपला बंदिस्त प्राणी मुख्य वन्यजीव रक्षकांकडे स्वेच्छेने सोपवू शकेल, भरपाई मिळणार नाही, प्राणी राज्याचा होईल. चांगलंच आहे. आमचा पहिला मुद्दा एवढाच, की सोपवलेला प्राणी शेवटी कुणाच्या तरी पिंजऱ्यात येणार, त्याची जागा आणि खाणं कोण देणार ते लिहा. दुसरा मुद्दा याद्यांचा. सहा अनुसूचींच्या चार होणार, आणि वन्यजीवांच्या व्यापारावरच्या साइटीस या आंतरराष्ट्रीय करारातले परदेशी प्राणी पहिल्यांदाच कायद्यात येणार. भारत त्या करारात १९७६ पासून आहे, पण मकाव, इग्वाना यांच्याबद्दल आपल्या कायद्यात तोवर काही नव्हतं. यादीत एक नाव चुकलं की आमच्या रजिस्टरला तो प्राणी चुकतो, म्हणून नावं शास्त्रीय आणि प्रचलित दोन्ही नीट तपासून घ्या, असं आम्ही लिहिलं आणि सापडलेल्या काही चुका जोडल्या.

समितीचा अहवाल २१ एप्रिल २०२२ ला आला. अनुसूचींमधल्या चुकांवर आणि सुटलेल्या जातींवर समितीने बरंच लिहिलं होतं. आमचं नाव कुठेही नव्हतं. देशभरातून मोठमोठ्या अभ्यासकांनी तेच कळवलं असणार. तरीही डॉक्टरांनी त्या पानांची झेरॉक्स काढून बागेच्या कार्यालयात लावली, अजून आहे. विधेयक ऑगस्टमध्ये लोकसभेत आणि ८ डिसेंबरला राज्यसभेत मंजूर झालं. परदेशी प्राणी पाळणाऱ्यांनी नोंदणी करायचे नियम पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये आले, सहा महिन्यांची मुदत होती, आणि त्या सहा महिन्यांत आमच्या फोनवर "आमचा मकाव तुम्ही घेता का?" असं विचारणारे किती आले याचा हिशोब मी ठेवला नाही.

तरसाला जोडीदार मिळायला मात्र २०२३ उजाडलं. दुसऱ्या एका प्राणिसंग्रहालयाकडे जास्तीचा नर होता. त्यांचं संमतीपत्र, आमचं संमतीपत्र, प्राधिकरणाची मंजुरी, नागपूरला मुख्य वन्यजीव रक्षकांची वाहतुकीची परवानगी, आरोग्य प्रमाणपत्र, पिंजऱ्याची मापं. मध्येच लेखापरीक्षकांनी मांसाच्या टेंडरवर शेरा मारला, जुन्या मसुद्यात 'मोठ्या जनावराचे मांस' असा मोघम शब्द होता म्हणून. २०१५ मध्ये राज्यात गोवंश हत्याबंदी वाढली तेव्हापासून टेंडरमध्ये 'म्हशीचे मांस' असं स्पष्ट लिहायचं असतं, एका वर्षी कुणीतरी जुनाच मसुदा टंकित केला होता. तरसाला यातलं काही माहीत नसतं. हाड कुठलंही असो, ती ते अशी फोडते की पिंजऱ्याबाहेर कडाडल्यासारखा आवाज येतो.

नर आला रात्री साडेअकराला. ट्रकचे दिवे बंद केले, मामांनी पेटीवर ओलं गोणपाट टाकलं होतं. मधल्या जाळीपलीकडून मादीने वास घेतला आणि पाठीवरचे केस उभे केले, मानेपासून शेपटीपर्यंत, एखादी आयाळ असावी तसे. मग दोघंही पाठ फिरवून आपापल्या कोपऱ्यात बसली. "लगीन ठरलंय, पसंती व्हायचीय," मामा म्हणाले. जाळी काढायला सात आठवडे लागले. फाईलमध्ये मी लिहिलं: अट क्रमांक ५ ची पूर्तता.

दुरुस्त कायदा १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला. ३१ मार्चची इन्व्हेंटरी नेहमीप्रमाणे भरायची होती, पण अनुसूचीचा रकाना अख्खा बदलायचा. नवी यादी शास्त्रीय नावांची, आमचं रजिस्टर मराठी नावांचं. संध्याकाळी मी आणि मामा बसलो. मी यादीत शोधायचं, मामांनी प्राणी ओळखायचा. पहिल्या अनुसूचीत सर्वांत कडक संरक्षण, दुसरीत बाकीचे, तिसरीत वनस्पती, चौथीत साइटीसचे.

तरस जुन्या तिसरीतून पहिलीत गेलं. "बढती," मामा म्हणाले. चांदणी कासव चौथीतून पहिलीत. पोपट चौथीतून दुसरीत. चितळ तिसरीतून दुसरीत, आणि मामा म्हणाले, नर-मादी दोघांना सारखीच बढती दिली का बघा. लाल शाईने जुना आकडा खोडायचा, निळ्याने नवा लिहायचा, बाजूला माझी आद्याक्षरं.

मग बंड्या आला. लाल तोंडाचं माकड, म्हातारा नर, एका मदाऱ्याकडून सोडवून आणलेला, कमरेला दोरीने केस गेलेला पट्टा अजून दिसतो. जुन्या कायद्यात दुसऱ्या अनुसूचीत होता. नव्या पहिलीत शोधला, नाही. दुसरीत शोधला, नाही. पुन्हा पहिल्यापासून बोट फिरवत आलो. बोनेट मकाक सापडलं, ते आपलं दक्षिणेकडचं. हे नाही. डॉक्टरबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं. वगळलंय त्याला."

मामांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून यादी स्वतः बघितली, जरी ती अक्षरं त्यांना वाचता येत नाहीत.

"म्हणजे बाहेर कुणी मारलं तर?"

"शिकारीच्या बंदीत आता तो येत नाही," मी म्हटलं.

लेखापरीक्षेचा नियम असा की रकाना कोरा सोडायचा नाही. मी लाल शाईने दोन खोडलं आणि पुढे निळ्या शाईची आडवी रेघ ओढली. मामा उठले, बादली घेतली. जाता जाता दारात थांबून त्यांनी विचारलं, उद्याच्या मागणीत बंड्याची केळी किती लिहिलीत. मी म्हटलं, सहाच, नेहमीप्रमाणे.